छातीत डोकावून पाहणारा वैद्य : रेने लेनेक

सतत धाप लागणारा रुग्ण सीटी स्कॅनच्या यंत्रात झोपतो, सांगितल्याप्रमाणे छातीभर श्वास घेऊन क्षणभर रोखून धरतो आणि काही सेकंदांतच त्याच्या फुप्फुसाचे शेकडो आडवे काप संगणकाच्या पडद्यावर उमटतात. निरोगी फुप्फुस तेथे एकसारख्या करड्या रंगाचे दिसते. सीओपीडी, म्हणजेच श्वसनमार्गात कायमचा अवरोध निर्माण करणाऱ्या विकाराने ग्रासलेल्या अनेक रुग्णांमध्ये मात्र या करड्या रंगाला काळी भोके पडलेली दिसतात. कसर लागलेल्या लोकरी कापडासारखी. या भोकांच्या जागी एकेकाळी रक्ताला प्राणवायू पुरवणारे असंख्य सूक्ष्म वायुकोश होते. त्यांच्या भिंती नष्ट झाल्या आणि मागे उरली ती निव्वळ कोंडलेली हवा.

फुप्फुसाचे काप घेऊन ही भोके बारकाईने अभ्यासणारा आणि त्यांचा संबंध जिवंत रुग्णाच्या धापेशी जोडणारा वैद्य सीटी स्कॅनच्या सुमारे दीडशे वर्षे आधी होऊन गेला. रेने थिओफिल यासेंत लेनेक हे त्याचे नाव. जग या फ्रेंच वैद्याला स्टेथोस्कोपचा जनक म्हणून ओळखते. त्या शोधाच्या झळाळीत लेनेक यांचे दुसरे मोठे कार्य काहीसे झाकोळले गेले. सीओपीडीच्या रुग्णाची प्रतिमा वाचताना तज्ज्ञ आज ज्या खुणा शोधतात, त्यांतील कित्येक खुणा लेनेक यांनी केवळ कान, बोटे आणि शवविच्छेदनाची सुरी यांच्या आधारे नोंदवून ठेवल्या होत्या. १३ ऑगस्ट २०२६ हा त्यांचा दोनशेवा स्मृतिदिन. अवघे पंचेचाळीस वर्षांचे आयुष्य लाभलेल्या आणि छातीच्याच रोगाने ओढून नेलेल्या या वैद्याची ही जीवनकथा.

क्रांतीच्या छायेतील बालपण

लेनेक यांचा जन्म १७ फेब्रुवारी १७८१ रोजी फ्रान्सच्या पश्चिम टोकाला असलेल्या ब्रिटनी प्रांतातील कँपेर या गावी झाला. वडील वकील होते. पण व्यवसायापेक्षा कविता करण्यात त्यांचे मन अधिक रमे आणि पैसा हाती टिकत नसे. रेने पाच वर्षांचे असताना आई निवर्तली. मुलांचा सांभाळ करणे वडिलांना जमण्यासारखे नव्हते. त्यामुळे रेने आणि त्यांचा भाऊ आधी धर्मगुरू असलेल्या एका नातलगाकडे आणि नंतर नाँत शहरातील काका गियोम लेनेक यांच्या घरी आले. गियोम हे स्वतः नामांकित वैद्य होते. पोरक्या पुतण्याला त्यांनी घर दिलेच, शिवाय आयुष्याची दिशाही दिली.

याच सुमारास फ्रान्समध्ये राज्यक्रांतीचा वणवा पेटला. १७९३-९४ च्या दहशतीच्या काळात नाँत शहराने भीषण रक्तपात पाहिला. शेकडो कैद्यांना लुआर नदीत बुडवून मारण्यात आले. भर चौकात गिलोटिन उभे राहिले आणि ते काकांच्या घरापासून फार दूर नव्हते. युद्धात जखमी झालेल्यांनी रुग्णालये भरून गेली. अशा वातावरणात चौदाव्या वर्षी लेनेक यांनी काकांच्या देखरेखीखाली रुग्णालयात वैद्यकाचे प्राथमिक धडे घेण्यास प्रारंभ केला. अंगकाठी लहानखुरी, प्रकृती तोळामासा, त्यात अधूनमधून दम लागण्याचा त्रास. मात्र अभ्यासाची ओढ विलक्षण होती. ग्रीक व लॅटिन भाषांचा त्यांनी कसून अभ्यास केला. बासरीवादनाचाही त्यांना छंद होता. सुरांतील बारीक भेद टिपणारा हा कान पुढे त्यांच्या कामी आला.

पॅरिसची पाठशाळा

१८०१ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, लेनेक वैद्यकीय शिक्षणासाठी पॅरिसला आले. त्या काळी पॅरिसमध्ये वैद्यकशास्त्र कूस बदलत होते. रोग म्हणजे शरीरातील द्रवांचे असंतुलन, ही जुनी कल्पना मागे पडत होती. रोगाला शरीरात जागा असते, तो एखाद्या अवयवात खूण सोडून जातो आणि ती खूण शोधली पाहिजे, असा नवा विचार रुजत होता. ती खूण शोधण्याचा त्या काळातील एकमेव खात्रीचा मार्ग म्हणजे रुग्ण दगावल्यानंतरचे शवविच्छेदन.

नेपोलियनचे वैद्य जाँ निकोला कॉर्व्हिसार हे लेनेक यांचे गुरू. ऑस्ट्रियातील लिओपोल्ड आउएनब्रुगर यांनी १७६१ मध्ये छातीवर बोटांनी ठोकून आतील स्थितीचा अंदाज घेण्याची पद्धत मांडली होती. आउएनब्रुगर हे खाणावळवाल्याचे चिरंजीव. पिंपात मद्य किती उरले आहे, ते पिंपावर ठोकून ओळखण्याची रीत त्यांच्या परिचयाची होती. विस्मृतीत गेलेल्या या पद्धतीला कॉर्व्हिसार यांनी १८०८ मध्ये फ्रेंच अनुवादाद्वारे पुन्हा प्रकाशात आणले. पोकळ जागा घुमते, भरीव जागा बद्द वाजते, हा त्यामागचा साधा नियम. छातीच्या आत काय आहे हे बाहेरून जाणून घेण्याचा तो पहिला पद्धतशीर प्रयत्न होता.

लेनेक यांची हुशारी लवकरच सर्वांच्या नजरेत भरली. १८०३ मध्ये त्यांनी वैद्यक आणि शल्यक्रिया या दोन्ही विषयांत प्रथम पारितोषिके पटकावली. उदराच्या अंतःस्तराचा दाह, यकृताचा सिरॉसिस, काळ्या रंगाच्या कर्करोगी गाठी अशा अनेक विकारांच्या अभ्यासात त्यांनी मोलाची भर घातली. सिरॉसिस हे नावही त्यांनीच दिलेले. असे असूनही रुग्णालयातील प्रतिष्ठेचे पद त्यांना बराच काळ मिळाले नाही. खासगी रुग्ण, वैद्यकीय नियतकालिकाचे संपादन आणि शवविच्छेदनाचे वर्ग यांवर गुजराण चालू होती. १८१४ मध्ये युद्धात जखमी झालेले ब्रिटनीचे तरुण सैनिक पॅरिसला आणले गेले, तेव्हा त्यांची ब्रेटन भाषा जाणणारे लेनेक त्यांच्यासाठी धावून गेले. परक्या शहरात मायबोलीत विचारपूस करणारा वैद्य त्या मुलांना भेटला.

या साऱ्या काळात क्षयरोग त्यांच्या अवतीभवती वावरत होता. भाऊ मिशो १८१० मध्ये क्षयाने गेला. जिवलग मित्र आणि क्षयाचे गाढे अभ्यासक गास्पार बेल यांनाही १८१६ मध्ये त्याच रोगाने गाठले. छातीचे आजार हा लेनेक यांच्यासाठी केवळ अभ्यासाचा विषय राहिला नव्हता.

कागदाची सुरळी

१८१६ मध्ये पॅरिसच्या नेकेर रुग्णालयात वैद्य म्हणून त्यांची नेमणूक झाली. त्याच वर्षी हृदयविकाराची लक्षणे असलेली एक तरुणी तपासणीसाठी त्यांच्याकडे आली. शरीर स्थूल असल्याने छातीवर ठोकून काही कळेना. छातीला थेट कान लावून ऐकण्याची रीत वैद्यांना माहीत होती. मात्र रुग्ण तरुण स्त्री असल्याने ते त्यांना प्रशस्त वाटेना. लाकडाच्या ओंडक्याच्या एका टोकाला टाचणीने ओरखडले, तर दुसऱ्या टोकाला कान लावणाऱ्याला तो आवाज स्पष्ट ऐकू येतो, हे त्यांना त्या क्षणी आठवले. त्यांनी कागदाचे ताव घेतले, त्यांची घट्ट सुरळी केली, तिचे एक टोक रुग्णाच्या छातीवर ठेवले आणि दुसरे आपल्या कानाला लावले. हृदयाचे ठोके थेट कान लावून ऐकावेत त्याहूनही स्पष्ट ऐकू आले.

पुढे त्यांनी निरनिराळ्या वस्तूंपासून अशी नळी तयार करून पाहिली आणि अखेर लाकडाचा सुमारे फूटभर लांबीचा, मधोमध छिद्र असलेला दंडगोल निवडला. लेथवर लाकूड कातण्याची कला त्यांना अवगत होती. आपली नळकांडी ते स्वतःच्या हाताने बनवीत. या उपकरणाला त्यांनी स्टेथोस्कोप असे नाव दिले. ग्रीक भाषेत स्टेथोस म्हणजे छाती आणि स्कोपेन म्हणजे पाहणे. कानाने ऐकण्याच्या या साधनाला ग्रीक भाषेच्या या जाणकाराने पाहण्याचे नाव द्यावे, यात त्यांच्या साऱ्या कार्याचे मर्म आहे. ऐकणे हे त्यांच्या लेखी साधन होते. छातीच्या आत पाहणे हे साध्य होते.

त्यानंतरची तीन वर्षे त्यांनी अथक परिश्रम केले. रुग्णाच्या छातीत कोठे कोणता आवाज ऐकू आला, याची ते काटेकोर नोंद करीत. रुग्ण दगावल्यास शवविच्छेदन करून त्या आवाजाच्या जागी फुप्फुसात नेमके काय होते, हे पाहत. न्युमोनियात कोणता आवाज येतो, फुप्फुसाभोवती पाणी साचल्यावर काय ऐकू येते, क्षयाने पोकळी पडली असता रुग्णाचा शब्द छातीतूनच निघून सरळ कानात शिरल्यासारखा का वाटतो, हे सारे त्यांनी एकेक करून पडताळले. १८१९ मध्ये या निरीक्षणांचा त्यांचा द्विखंडात्मक ग्रंथ प्रसिद्ध झाला. जादा पैसे भरणाऱ्या ग्राहकाला ग्रंथासोबत स्टेथोस्कोपही मिळे. ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद १८२१ मध्ये निघाला आणि लाकडी नळी युरोपभर पसरली.

घुमणारी, तरीही निःशब्द छाती

याच ग्रंथात फुप्फुसाच्या एम्फिसिमावर, म्हणजेच वातस्फीतीवर, स्वतंत्र विवेचन आहे. सीओपीडी या नावाखाली आज प्रामुख्याने दोन गोष्टी एकत्र येतात. एक म्हणजे श्वासनलिकांचा जुनाट दाह आणि त्यामुळे अरुंद झालेला हवेचा मार्ग. दुसरी म्हणजे वायुकोशांच्या भिंतींचा नाश, अर्थात एम्फिसिमा. लेनेक यांच्या आधीही हवेने फुगलेली फुप्फुसे शवविच्छेदनात काही जणांनी पाहिली होती. इटलीच्या मॉर्गान्यी यांनी आणि इंग्लंडच्या मॅथ्यू बेली यांनी त्यांचे वर्णन केले होते. तथापि, असे फुप्फुस असलेला माणूस जिवंतपणी कसा ओळखावा, हे कोणालाच ठाऊक नव्हते. त्याच्या धापेला सरसकट दमा म्हटले जाई.

अशा रुग्णांमध्ये लेनेक यांना एक विसंगती आढळली. त्यांची छाती पिंपासारखी गोल झालेली असे. तिच्यावर ठोकले तर ती नेहमीपेक्षा अधिक घुमे, म्हणजे आत भरपूर हवा असल्याची ग्वाही देई. मात्र त्याच जागी स्टेथोस्कोप ठेवला तर श्वासाचा आवाज अगदी क्षीण ऐकू येई. कधी तर येतच नसे. हवा आहे, पण ती हलत नाही. याचा अर्थ ती आत अडकून पडली आहे, असे अनुमान त्यांनी काढले.

पुरावा मिळाला तो शवविच्छेदनाच्या मेजावर. निरोगी माणसाची छाती उघडताच फुप्फुस आपल्या लवचिकतेमुळे आक्रसते. या रुग्णांचे फुप्फुस मात्र आक्रसण्याऐवजी बाहेर फुगून येई, जणू त्याला छातीची पेटी अपुरी पडत होती. ओल्या फुप्फुसाचा काप घेतला की हवा निघून जाते आणि आतली रचना कोसळते, हे जाणून लेनेक यांनी फुप्फुसात हवा भरली, ते फुगलेल्या स्थितीत वाळवले आणि नंतर त्याचे काप केले. आता वायुकोश जसेच्या तसे डोळ्यांसमोर होते. एरवी नुसत्या डोळ्यांना जेमतेम जाणवणारे कोश राळ्याच्या दाण्याएवढे, काही तर चेरीच्या बीएवढे मोठे झालेले होते. शेजारशेजारचे कोश मधली भिंत फुटून एक झालेले होते.

लेनेक एवढ्यावर थांबले नाहीत. वायुकोशांकडे जाणाऱ्या बारीक श्वासनलिकाही त्यांनी तपासल्या. तेथे अस्तराला सूज आणि चिकट कफ आढळला. दीर्घकाळच्या खोकल्यामुळे या वाटा अरुंद होतात. जोराने घेतलेला श्वास आत शिरतो, परंतु सोडताना हवेला बाहेर पडता येत नाही आणि कोंडलेली हवा कोशांना फुगवत राहते, अशी कारणमीमांसा त्यांनी केली. वायुकोशांच्या भिंती नष्ट होण्यामागे तंबाखूचा धूर, इतर दूषित हवा आणि त्यांतून उद्भवणारा दाह असतो, हे पुढच्या काळात स्पष्ट झाले. त्या अर्थाने त्यांचा सिद्धांत अपुरा होता. मात्र बारीक वाटांतील अवरोध आणि मोडलेले वायुकोश या दोन गोष्टी एकाच रोगाचे भाग म्हणून त्यांनी एकत्र पाहिल्या, ही त्यांची दृष्टी काळाच्या कसोटीला उतरली. हा रोग दुर्मीळ नसून केवळ ओळखला जात नाही, हेही त्यांनी नोंदवले होते.

अखेरचे पर्व

ग्रंथाच्या कामाने लेनेक यांचे शरीर पार खंगले. १८१९ च्या अखेरीस पॅरिस सोडून ते ब्रिटनीतील केरलुआर्नेक या आपल्या वाडवडिलांच्या शेतवाडीवर राहावयास गेले. समुद्रकाठची हवा, शेती, शिकार आणि घोडेस्वारी यांनी त्यांना थोडाफार तजेला मिळाला. १८२१ मध्ये ते पॅरिसला परतले, तेव्हा मानसन्मान त्यांची वाट पाहत होते. १८२२ मध्ये कॉलेज द फ्रान्स या प्रतिष्ठित संस्थेत अध्यापनाचे पद त्यांना मिळाले आणि पुढच्याच वर्षी शारिते रुग्णालयात ते प्राध्यापक झाले. देशोदेशीचे विद्यार्थी त्यांच्या मागे वॉर्डातून फिरू लागले.

विरोधही तितकाच तीव्र होता. बहुतेक रोगांचे मूळ जठर व आतड्यांच्या दाहात शोधणारे फ्रान्स्वा ब्रुसे हे त्या काळचे प्रभावी वैद्य त्यांचे कट्टर टीकाकार होते. जळवा लावून रक्त काढण्याचा ब्रुसे यांचा आग्रह आणि लेनेक यांचा पुराव्याचा आग्रह यांचा मेळ बसणे शक्यच नव्हते. निदान केले, पण उपचार कोठे आहे, हा टीकेचा सूर लेनेक यांना सतत ऐकावा लागला. त्यात तथ्यही होते. त्यांनी ओळखलेल्या बहुतेक छातीच्या रोगांवर त्या काळी खरा उपाय नव्हता. तरीही रोग अचूक ओळखल्याशिवाय उपाय सापडणार नाही, या भूमिकेपासून ते ढळले नाहीत.

डिसेंबर १८२४ मध्ये त्यांनी आपल्या घरची व्यवस्था पाहणाऱ्या जॅकमीन आर्गू या विधवा स्त्रीशी विवाह केला. अपत्याची आशा निर्माण झाली, पण ती फळाला आली नाही. दुसरीकडे ग्रंथाची सुधारित आवृत्ती लिहिण्याचे काम चालू होते. खोकला, ताप आणि धाप बळावत होती. काही वर्षांपूर्वी क्षयग्रस्त मणका करवतीने कापताना त्यांच्या बोटाला इजा होऊन तेथे गाठ आली होती, याची नोंद त्यांनी स्वतःच ग्रंथात केली आहे. क्षयाचे जंतू शोधले जाण्यास मात्र १८८२ साल उजाडायचे होते.

१८२६ मध्ये सुधारित आवृत्ती प्रसिद्ध झाली आणि मे महिन्याच्या अखेरीस लेनेक यांनी पॅरिसचा कायमचा निरोप घेतला. त्यांचा नातलग मेरियादेक हाही वैद्य होता आणि त्यांच्या हाताखालीच शिकला होता. आपली छाती तपासून जे ऐकू येईल ते सांगावयास लेनेक यांनी त्याला फर्मावले. मेरियादेकने सांगितलेले आवाज त्यांना पुरते परिचित होते. क्षयाने फुप्फुसात पोकळी पडल्याची ती लक्षणे होती आणि त्यांचा अर्थ जगाला त्यांनीच शिकवला होता. १३ ऑगस्ट १८२६ रोजी केरलुआर्नेक येथे त्यांची प्राणज्योत मालवली. आपला स्टेथोस्कोप त्यांनी मेरियादेकच्या नावे करून ठेवला होता.

कानाकडून डोळ्याकडे

लेनेक यांच्या पद्धतीत एक मोठी अडचण होती. फुप्फुसाचा काप पाहण्यासाठी रुग्णाच्या मृत्यूची वाट पाहावी लागे. ती अडचण दूर होण्यास दीड शतक लागले. १८४६ मध्ये इंग्लंडच्या जॉन हचिन्सन यांनी फुप्फुसाची धारणशक्ती मोजणारे स्पायरोमीटर पुढे आणले. १८९५ मध्ये जर्मनीत विल्हेल्म राँटजेन यांनी क्ष-किरण शोधले आणि लगेचच अमेरिकेत बोस्टनच्या फ्रान्सिस विल्यम्स यांनी त्यांच्या साहाय्याने छाती तपासण्यास सुरुवात केली. एम्फिसिमाच्या रुग्णाचे फुप्फुस नेहमीपेक्षा उजळ दिसते, श्वासपटल खाली सरकलेले असते आणि ते फारसे हलत नाही, हे त्यांनी टिपले. हवा आहे, पण ती हलत नाही, हे लेनेक यांचे अनुमान आता डोळ्यांना दिसू लागले.

तरीही साधा एक्स-रे ही शेवटी एक सावलीच. पुढच्या व मागच्या साऱ्या गोष्टी त्यात एकमेकींवर पडतात. रोग बराच पुढे गेल्याखेरीज त्यात एम्फिसिमा खात्रीने दिसत नाही. १९४० च्या दशकाच्या अखेरीस वेल्समधील कार्डिफ येथे जे. गॉफ व जे. ई. वेंटवर्थ यांनी अख्ख्या फुप्फुसाचे पातळ काप कागदावर चिकटवून जतन करण्याची पद्धत काढली आणि एम्फिसिमाचे प्रकार त्यामुळे नीट ओळखता येऊ लागले. तीही मृत्यूनंतरचीच पाहणी.

ही कोंडी फोडली ती गॉडफ्रे हाउन्सफील्ड या इंग्रज अभियंत्याच्या सीटी स्कॅनने. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूची अशी प्रतिमा घेतली गेली आणि १९७० च्या दशकातच छातीचे स्कॅनही शक्य झाले. या प्रतिमेत प्रत्येक बिंदूची घनता आकड्यात मिळते. पाण्याला शून्य आणि हवेला उणे १००० असे हे परिमाण असून ते हाउन्सफील्ड यांच्याच नावाने ओळखले जाते. १९८४ मध्ये एडिंबरोच्या संशोधकांनी शस्त्रक्रियेपूर्वीचे स्कॅन आणि शस्त्रक्रियेत काढलेले फुप्फुस यांची तुलना करून स्कॅनवर एम्फिसिमा ओळखता येतो, हे दाखवले. १९८८ मध्ये कॅनडातील व्हँकुव्हर येथे ठराविक आकड्याखालील सारे बिंदू संगणकाने रंगवून रोगाचे प्रमाण मोजण्याची रीत निघाली. १९९५ मध्ये ब्रुसेल्सच्या संशोधकांनी प्रत्यक्ष फुप्फुसाच्या कापांशी ताडून उणे ९५० ही सीमारेषा सुचवली. छातीभर श्वास घेतलेला असताना जो भाग या आकड्याखाली जातो, तो सामान्यतः एम्फिसिमाचा मानला जातो. जिवंतपणीची खूण आणि प्रत्यक्ष अवयव यांचा ताळा घेण्याची ही पद्धत लेनेक यांचीच होती.

आता श्वास घेऊन एक आणि श्वास सोडून एक असे दोन स्कॅन ताडून पाहता येतात. श्वास सोडल्यानंतरही जो भाग काळाच राहतो, तेथे हवा अडकलेली असते. श्वासनलिकांच्या भिंतींची जाडी मोजता येते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात फुगवून गोठवलेल्या फुप्फुसांचे अतिसूक्ष्म सीटी स्कॅन करण्यात आले. वायुकोशांचा नाश ठळक होण्याआधीच अगदी बारीक श्वासनलिका अरुंद होतात आणि नाहीशा होतात, असे त्यात दिसून आले. लेनेक यांनी त्या बारीक वाटांकडे बोट दाखवले होते.

या प्रतिमांवर रुग्णाचे जगणेही अवलंबून असू शकते. रोगग्रस्त फुप्फुसाचा काही भाग काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियेची अमेरिकेत मोठी चाचणी झाली. अतिशय घटलेली श्वसनक्षमता आणि त्याच्या जोडीला स्कॅनवर सर्वत्र सारखा पसरलेला एम्फिसिमा किंवा वायूंची अत्यंत मंदावलेली देवाणघेवाण असलेल्या रुग्णांपैकी १६ टक्के रुग्ण शस्त्रक्रियेनंतर ३० दिवसांतच दगावले, असा इशारा २००१ मध्ये देण्यात आला. याउलट रोग मुख्यतः फुप्फुसाच्या वरच्या भागात असलेल्या आणि श्रम झेपत नसलेल्या रुग्णांचे आयुष्य शस्त्रक्रियेने वाढले, हे २००३ मध्ये स्पष्ट झाले. एकाच रोगावरील एकच शस्त्रक्रिया एकाला तारक आणि दुसऱ्याला मारक ठरत होती. तो फरक ओळखण्यात प्रतिमेचा वाटा मोठा होता.

चुलीच्या धुराची खूण

भारतासाठी हा विषय दूरचा नाही. देशातील सीओपीडीच्या रुग्णांची संख्या १९९० मध्ये सुमारे २ कोटी ८१ लाख होती. २०१६ मध्ये ती सुमारे ५ कोटी ५३ लाख झाली, असा अंदाज २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्यापक अभ्यासात मांडण्यात आला. त्यांत आयुष्यात कधीही विडी-सिगारेट न ओढलेल्या माणसांचा वाटा मोठा आहे. लाकूड, काटक्या आणि गोवऱ्या जाळणाऱ्या चुलीपुढे वर्षानुवर्षे बसणाऱ्या महाराष्ट्राच्या खेड्यांतील स्त्रियाही त्यांत येतात. मेक्सिकोत अशाच स्त्रियांच्या स्कॅनचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. धूम्रपानाने आजारी पडलेल्या स्त्रियांच्या तुलनेत त्यांच्यात एम्फिसिमा कमी आणि अडकलेली हवा जास्त आढळली. म्हणजे स्कॅनवर काळी भोके नाहीत, एवढ्यावरून चुलीपुढे बसणाऱ्या स्त्रीला रोग नाही, असे म्हणता येत नाही.

सीओपीडीचे निदान आजही फुंकर मारून करावयाच्या स्पायरोमेट्री चाचणीनेच पक्के होते. सीटी स्कॅनला खर्च येतो, त्यात किरणोत्सर्ग असतो आणि तो प्रत्येक रुग्णाला लागतोच असे नाही. रोग कोणत्या प्रकारचा आहे, कोठे आणि किती पसरला आहे, शस्त्रक्रियेचा किंवा फुप्फुसात झडप बसवण्याचा लाभ होईल का, सोबत कर्करोगाची गाठ तर लपलेली नाही ना, हे प्रश्न उभे राहिले की मात्र त्याला पर्याय उरत नाही. आणि या साऱ्याच्या आधी, गावच्या आरोग्य केंद्रातील डॉक्टर खोकणाऱ्या बाईच्या पाठीवर स्टेथोस्कोप ठेवतात, तिला दीर्घ श्वास घ्यायला सांगतात आणि ऐकतात. छाती घुमत असूनही श्वासाचा आवाज क्षीण असेल, तर तिला पुढच्या तपासणीला पाठवले पाहिजे, हे ज्ञान लेनेक यांनी स्वतः कातलेल्या लाकडी नळीतून मिळवले होते. त्यांच्या रुग्णांच्या फुप्फुसातील भोके त्यांना मृत्यूनंतरच पाहता आली; आजच्या रुग्णाची भोके त्याच्या हयातीत, वेळ हातची गेलेली नसताना पाहता येतात.